दहा यार्डांची साखळी

चारुदत्त देवस्थळे लहानपणी नागपूरच्या गल्लीत कायम अंपायर असायचे. चष्मा जाड, धावणं बेताचं आणि खोटं बोलायला जीभच वळत नाही. अशा मुलाला दुसरं काय करणार? पुढे इंजिनियर झाले, मिशिगनमध्ये नोव्हाय गावात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागले, तर तिथंही काम तेच. मापं तपासायची. भाग केसभर जाड निघाला की परत.

२००४च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते फिरायला बाहेर पडले होते. मैदानावरून एका दांडग्या माणसाने हाक मारली, "मिस्टर, पाच मिनिटं ही काठी धरता का?" तो डेल, हॅमर्स नावाच्या नव्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोच. त्या पाच मिनिटांचे दोन उन्हाळे झाले.

हॅमर्स म्हणजे हौशी मंडळी. कुणी प्लंबर, कुणी ट्रक चालवणारा, एक तर शाळेत गणित शिकवायचा. शनिवारी हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचे आणि सोमवारी लंगडत कामावर जायचे. त्यांच्या खेळात चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यावा लागतो. नेला तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्यांना बांधलेली एक साखळी असते. ती धरायचं काम चारुदत्तांचं.

एरवी अबोल असलेला हा माणूस शनिवारी सकाळपासून गुणगुणायचा. त्यांची बायको कांचन डबाभर चिवडा द्यायची. तीनशे पौंडांचा प्लंबर त्यातले शेंगदाणे निवडून खायचा आणि ओरडायचा, "चार्ली, मिसेसला सांग, पुढच्या वेळी बादली भरून!" बारा वर्षं अमेरिकेत राहून चारुदत्तांना अशी हाक कुणी मारली नव्हती.

दुसऱ्या वर्षी प्रेक्षक रोडावले. टीमच्या मालकाने स्पष्टच सांगितलं: शेवटची मॅच जिंकून प्लेऑफच्या बाद फेरीत गेलात तर टीम ठेवतो, नाही तर कुलूप.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, चारुदत्त साखळी घासूनपुसून ठेवायला घरी घेऊन आले. गॅरेजमध्ये सहज मोजायचा टेप लावला आणि त्यांचा चेहरा पडला.

"अडीच इंच जास्त आहे गं. मध्ये कुणीतरी तुटलेल्या कडीच्या जागी हा मोठा हूक घातलाय."

"मग दोन्ही टीमना सारखंच की," कांचन म्हणाली. "अहो, उद्या एवढी मॅच. सोमवारी करा ना."

"चुकीची आहे हे कळल्यावर उद्या हातात कशी धरू?"

कुठे बोलायचं थांबावं, हे कांचनला सतरा वर्षांच्या संसारात कळलं होतं. त्यांनी हूक काढला, नेमकी कडी बसवली, डेलला फोन केला. "गुड, चार्ली, गुड," डेल घाईत म्हणाला.

शनिवारी हॅमर्स तीन गुणांनी पुढे होते. दोन मिनिटं उरलेली. समोरच्यांचा चौथा प्रयत्न. धडक झाली, ढिगाऱ्याखालून चेंडू निघाला. पंचाने मापाची खूण केली. चारुदत्त काठी घेऊन मैदानात धावले. साखळी ताणली.

चेंडूचं टोक काठीच्या पुढे होतं. जेमतेम दोन बोटं, अडीच इंचांहून कमीच.

समोरच्यांना आणखी चार प्रयत्न मिळाले आणि तिसऱ्यातच त्यांनी मॅच काढली. हॅमर्सच्या बाकावर कुणी हेल्मेटसुद्धा आपटलं नाही. डेलने एकदा साखळीकडे पाहिलं, एकदा चारुदत्तांकडे. प्लंबरला नंतर कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "एक आठवडा थांबला असतास, चार्ली." आणि रिकामा डबा त्यांच्या हातात दिला. धुऊन आणला होता.

टीम बंद झाली. सप्टेंबरात डेल स्वतः घरी आला, साखळी गॅरेजमध्ये ठेवली. "दोन वर्षांत ती कुणीच मोजली नव्हती. तूच ठेव." चहा मात्र घेतला नाही.

२००८मध्ये कारखान्याने माणसं कमी केली आणि देवस्थळ्यांना नॉर्थ कॅरोलिनाला, मॉरिसव्हिलला जावं लागलं. सामान बांधताना कांचनने गॅरेजमधला एक खोका उघडला. साखळी, आणि कागदात गुंडाळलेला तो हूक. तीन वर्षं जे विचारलं नव्हतं ते तिने आता विचारलं.

"सोमवारी केलं असतं तर?"

चारुदत्तांनी हूक कागदातून काढला. "टीम टिकली असती, बहुतेक."

"मग?"

"मग दर शनिवारी तीच साखळी धरून मला तिथं उभं राहावं लागलं असतं."

कांचनने खोक्यावर मार्करने 'गॅरेज' लिहिलं. थोडा विचार केला, ते खोडलं आणि 'चार्ली' लिहिलं.