वीण बसेपर्यंत

मावशी खोटं बोलत नाही, असं ती स्वतः सांगते, आणि हेच तिचं पहिलं खोटं. वेताच्या खुर्च्या विणून तिने मला वाढवलं. आता हात थरथरतात, तरी आमच्या इमारतीमागे कोणी मोडकी खुर्ची टाकली की तिचे डोळे चमकतात. ती उचलून घरी आणताना मात्र अशी इकडेतिकडे बघते, की बघणाऱ्याला वाटावं, बाईंनी बँकच फोडली.

इमारत चार मजली, लिफ्ट नाही. आम्ही तळाशी आणि मावशीची मैत्रीण पार चौथ्यावर. मावशी तिला 'वरची' म्हणते, ती मावशीला 'खालची'. दोघी रोज पत्ते खेळायच्या आणि रोज भांडायच्या. मग वरचीचे गुडघे गेले. तिचं खाली येणं बंद झालं, मावशीच धापा टाकत वर जायची, आणि वर पोचेपर्यंत भांडायला श्वासच उरायचा नाही. त्यात वरचीच्या मुलाने फर्मान काढलं: आईला एकटीने खाली-वर करता येत नसेल, तर महिनाअखेरीला आपण तिला आपल्या गावी नेणार. वरचीला जायचं नव्हतं. ते ऐकून मावशीचा चेहरा एवढासा झाला.

"ती गेली तर मी भांडू कोणाशी?" ती मला म्हणाली. "तुझ्याशी? तू तर लगेच रडतेस."

त्या आठवड्यात पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे, एकेक वेताची खुर्ची अवतरली. वरचीने टप्प्याटप्प्याने टेकत उतरावं-चढावं, एवढाच डाव. पण तिसऱ्या मजल्यावर राहतात आमचे अध्यक्ष. इमारतीच्या समितीचे अध्यक्ष, पण तोरा देशाचा. ते खाली आले.

"मावशी, जिना जाण्यायेण्यासाठी असतो, बसण्यासाठी नाही. खुर्च्या उचला."

"उचलते की," मावशी साळसूदपणे म्हणाली. "पण वीण ताजी आहे हो. आत्ता हलवली तर सगळी सुटेल. माणसं बसून बसून ती बसावी लागते. आणि एकट्यादुकट्याचं काम नाही ते. जाड, बारीक, म्हातारं, पोर, सगळ्यांचं वजन लागलं पाहिजे."

इतकी लोणकढी थाप मी जन्मात ऐकली नव्हती. मी खोकल्याचं निमित्त करून आत पळाले.

पण अध्यक्षांना ते पटलं, आणि एकदा पटलं की त्यांच्या अंगात शिस्त संचारते. वीण लवकर बसावी म्हणून त्यांनी सगळ्यांना बसण्याची सूचना केली. मग काय! पहिल्या मजल्यावरचा मेकॅनिक कामावरून आला की आधी वजन देऊ लागला. त्याच्या हातोडीवरून त्याच्याशी अबोला धरलेल्या, शेजारच्या व्हायोलिन वाजवणाऱ्या बाई तिथेच आपला नंबर लागायची वाट बघत उभ्या राहायच्या. उभं राहून किती वेळ गप्प बसणार? दुसऱ्या मजल्यावर परमुलखातून आलेलं नवं कुटुंब होतं. भाषेच्या भीतीने आम्ही कोणी त्यांच्या दाराकडे फिरकत नव्हतो. त्या घरातली बाई आमच्या भाषेतला पहिला शब्द शिकली तो 'बसा'. खुद्द अध्यक्ष जेवण झालं की वर्तमानपत्र घेऊन कर्तव्यभावनेने बसायचे, आणि बऱ्याचदा कर्तव्यातच घोरायचे. वीण काही बसेना. कशी बसणार? मावशी अधूनमधून जाऊन वेत ओला करायची आणि "अजून कच्ची आहे" म्हणत मान हलवायची.

वरचीही उतरू लागली. टेकत, शिव्या घालत, पण स्वतःच्या पायांनी.

महिनाअखेरीला, म्हणजे मुलासमोर जिना चढून दाखवायच्या परीक्षेच्या दिवशी, ती सकाळीच खाली येऊन पत्त्यांत मावशीला फसवत बसली होती. मुलगा दुपारी यायचा होता. नेमकं त्याच सकाळी अध्यक्षांकडे त्यांचे मेहुणे आले. मेहुण्यांचं फर्निचरचं दुकान. वीण बसण्याची गोष्ट ऐकून ते पोट धरधरून हसले, आणि मावशीचं बिंग फुटलं. मेहुण्यांदेखत शोभा झालेल्या अध्यक्षांनी तिन्ही खुर्च्या स्वतः गच्चीत नेऊन कुलूप लावलं. आम्हाला कळलं तेव्हा वरचीचा मुलगा दारात उभा होता.

"चल आई, चढून दाखव."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. वरचीने मोकळा जिना पाहिला, कठडा धरला आणि निघाली. मागे मुलगा, त्याच्या मागे आम्ही. पहिल्या मजल्यावर ती वाकली, तेवढ्यात मेकॅनिकने दार उघडून गाडीचं जुनं सीट बाहेर सरकवलं. खालचा सगळा संवाद त्याने ऐकला असावा. व्हायोलिनच्या बाईंनी तिला पाणी दिलं. दुसऱ्यावर ती नवी बाई शिलाई मशीनचं स्टूल घेऊन उभीच होती.

"बसा, बसा."

तिसऱ्या मजल्यावर अध्यक्षांचं दार बंद. वरचीचे पाय लटपटत होते. मुलगा हात द्यायला पुढे झाला, तिने तो झटकला.

दार उघडलं. अध्यक्षांनी आपली चाकांची फिरती खुर्ची ढकलत बाहेर आणली. चाकं घरंगळू नयेत म्हणून खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि छताकडे बघत म्हणाले, "ही जिन्यातली खुर्ची नाही. माझ्या घरातली आहे, मी नुसती धरून उभा आहे."

वरची बसली. सावकाश श्वास घेतला. मग उठून उरलेल्या पायऱ्या चढली आणि आपलं दार आपल्या किल्लीने उघडलं. "एका महिन्याने परत बघू," मुलगा म्हणाला, पण त्याचा आवाज हरलेला होता.

मावशी डोळे पुसत खाली उतरली. अध्यक्ष अजून खुर्ची धरूनच उभे होते.

"मावशी, या खुर्चीला वीण नाही," ते कडक आवाजात म्हणाले.

"बघा ना," मावशी म्हणाली. "मग ही बसायला तर वर्षं लागतील."

अध्यक्षांनी खिशातून गच्चीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.