दोन कुलपांची कोठी

कोणतीही वस्तू हातात आली की याडी ती आधी नाकाजवळ न्यायची. तांदळाचं पोतं, तेलाचा कॅन, मेथीची जुडी, इतकंच काय, पंचायत समितीकडून आलेलं पत्रसुद्धा. मी तांड्यावरच्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी माझा डबा माझ्याआधी तिनंच उघडला, वास घेतला आणि झाकण लावून माझ्याकडं सरकवला.

“कालची भाजी हाय,” ती म्हणाली.

“आज सकाळची आहे.”

“तुमाला सकाळची म्हणून सांगितलं असंल.”

भाजी माझ्या बायकोनं केली होती. संध्याकाळी घरी जाऊन मी तिला विचारलं. विचारायला नको होतं.

ती आमच्या शाळेची स्वयंपाकीण. दुपारची खिचडी तिच्या हातची. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटक, नजर कायम दुसऱ्याच्या हाताकडं. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि लहानथोर सगळे तिला याडीच म्हणत. तुम्हीही असा एखादा माणूस जवळून पाहिला असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल की संशय सर्दीसारखा असतो. एका खोलीत बसणाऱ्या दोघांपैकी एकाला झाला की दुसरा सुटत नाही. मी पुस्तकं वाचणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस. पण सहा महिन्यांत मीही पोत्यांकडं तिच्यासारखाच पाहायला लागलो.

त्याला कारण होतं. तांडा डोंगरकडा या आठवडी बाजाराच्या गावापासून आत, ओढ्यापलीकडच्या माळावर आहे. एसटी फाट्यावर सोडते, पुढं पायी. पूर्वी तांड्यावर एक किराणा दुकान होतं. दुकानदार म्हातारा झाला, त्याचा मुलगा त्याला नांदेडला घेऊन गेला, आणि दुकानाच्या कडीला गंज चढला. तेव्हापासून मीठ संपलं तरी डोंगरकडा आणि काडेपेटी संपली तरी डोंगरकडा. रेशनचं दुकानही तिथंच. बाजारानंतर दोन दिवस घराघरातून फोडणीचा वास यायचा. मग भाकरी आणि ठेचा. मग पुढच्या बाजारापर्यंत नुसती भाकरी. साऱ्या तांड्यात बारा महिने डाळ असणारी जागा एकच होती, शाळेची कोठी.

आता सांगा, अशा कोठीजवळ उठबस करणाऱ्या बाईवर माणसाची नजर जाणार नाही का? ती संध्याकाळी घरी निघाली की मी तिच्या पदराकडं पाहायचो. पदर एका बाजूनं जड वाटायचा. कधी वाटायचं, उगाच वाटतंय.

एकदा मी तेलाच्या पांढऱ्या कॅनवर, तेल होतं तिथं, पेनानं बारीक रेघ मारली. कुणाला दिसणार नाही अशी. दुसऱ्या दिवशी पाहतो तर माझ्या रेघेशेजारी कोळशानं ओढलेली दुसरी रेघ, चांगली बोटभर जाड.

“ही कशाची?” मी विचारलं.

“तुमची कशाची?”

“तेल किती लागतं ते कळावं म्हणून.”

“माझी बी त्याच्यासाठीच,” ती म्हणाली. “तुमी शाळा सुटल्यावर अर्धा घंटा थांबता. काहून थांबता?”

मी वाचत बसायचो. बसला वेळ असायचा, आणि घरी गेल्यावर वाचन होत नसे. हे मी तिला सांगितलं. तिनं माझं पुस्तक उचललं, नाकाजवळ नेलं आणि खाली ठेवलं.

“असंल,” ती म्हणाली.

पुढच्या बाजारातून तिनं कुलूप आणलं. कोठीच्या दाराला माझं कुलूप होतंच. तिनं वरच्या कडीला आपलं लावलं. एक चावी माझ्या खिशात, एक तिच्या कमरेला. दोघं हजर असल्याशिवाय कोठी उघडायची नाही. केंद्रप्रमुख तपासणीला आले तेव्हा ते त्या दाराकडं बराच वेळ बघत राहिले. “हे काय आहे?” त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “इस्वास हाय सायब. दोन बाजूनं लावलेला.” साहेब हसले. आम्ही दोघं हसलो नाही.

ते कुलूप माझ्या मनाला लागलं होतं, आणि तरी त्यानं मला निवांतही केलं होतं. आता काही कमी झालं तर दोघांसमोर होईल.

मग एका भादव्यात ओढ्याला पूर आला. नळकांड्यांचा पूल पाण्याखाली गेला आणि चार दिवस वर आला नाही. मी डोंगरकड्यात घरी, तांडा पलीकडं. बाजाराचा दिवसही त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. तांड्यावर रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर मिळते, त्यामुळं तिच्यामागं जमलेली माणसंही ऐकू येत होती.

“गुरुजी, पीठ संपलं लोकायचं. लेकरं सकाळपासून पाण्यावर हायती. तुमची चावी पायजे.”

कोठीतलं धान्य पटावरच्या मुलांचं, शाळेच्या दिवशी, शाळेच्या जेवणासाठी. नियम मला पाठ होता. चौकशी लागली तर माझ्या नोकरीवर येणार हेही कळत होतं. ओट्यावर कुणीतरी ओरडलं, “तोडा की ते, गुरुजीला काय पुसता?” मी डोळे मिटले आणि म्हणालो, “तोडा माझं कुलूप.”

“कोण बोलून राहिलं?”

“मीच. गुरुजी.”

“आवाज येगळा वाटून राहिला.”

“भिजलोय. घसा बसलाय.”

मागं गलका झाला, तो तिनं दटावून थांबवला.

“तोडलं तर उद्या म्हणाल, बाईनं कुलूप तोडलं.”

“नाही म्हणणार.”

“आज न्हाई म्हणून राहिले. उद्याचं मला काय ठाऊक.”

तिनं तोडू दिलं नाही. चिडलेल्या माणसांना तिनं कोठीच्या दारात पाठ लावून अडवलं, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ओढ्यावर गेलो. पलीकडच्या काठावर ती उभी होती, आणि तिच्यामागं निम्मा तांडा. मधे गढूळ पाणी. मी चावी रुमालात एका धोंड्याबरोबर बांधली आणि सगळा जोर लावून फेकली. माझ्या उभ्या जन्मात मी कधी काही एवढ्या लांब फेकलं नव्हतं. रुमाल पलीकडच्या बाभळीत अडकला. बायांनी काठीनं तो खाली पाडला. तिनं चावी बाहेर काढून हात उंच केला, आधी माझ्याकडं, मग मागं वळून लोकांकडं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या चुलीवर अख्खा तांडा जेवला. मला अलीकडून फक्त धूर दिसत होता.

पाणी उतरलं तसा मी शाळेत गेलो. तिनं माझी चावी परत दिली, आम्ही कोठी उघडली. कोठीत पोती भिंतीला लावून नीट ठेवलेली. तेल रेघेच्या बरंच खाली. डाळीचं पोतं मला वाटलं होतं त्याहून मोकळं. अख्खा तांडा जेवला होता हे मला ठाऊक होतं. तरी तोंडातून निघून गेलं.

“डाळ जरा जास्तच लागली का?”

ती मोठं पातेलं घासत होती. हात थांबले.

“जास्त म्हंजी?”

“काही नाही. सहज विचारलं.”

तिनं हात धुतले, पुसले. कमरेची चावी काढली, कडीला लटकणारं स्वतःचं कुलूप काढलं आणि दोन्ही आणून माझ्या टेबलावर, हजेरीपटाशेजारी ठेवलं.

“आता एकच राहू द्या, तुमचं. म्हंजी बाईला पुसायची तकलीफ न्हाई.”

त्यानंतर दोन वर्षं ती खिचडी करत होती. पूर्वीइतकीच चांगली. माझ्या डब्याचा वास मात्र तिनं पुन्हा घेतला नाही. माफी मागायची म्हणून मी कितीतरी वाक्यं मनात जुळवली. शाळा सुटल्यावर पुस्तक उघडं ठेवून तीच जुळवत बसायचो. एकही तोंडातून निघालं नाही.

ती गेली तेव्हा मी वसमतला बदलून आलो होतो. निरोप उशिरा मिळाला. दहाव्याच्या आदल्या दिवशी मी तांड्यावर गेलो. पूल आता उंच झालाय. तांड्याच्या तोंडाशी नवं दुकान उघडलंय. दारावर कुरकुऱ्यांच्या, वेफर्सच्या आणि गुटख्याच्या माळा टांगलेल्या. आत डाळ विचारली तर दुकानदार म्हणाला, “डाळ न्हाई ठेवत गुरुजी, इकत न्हाई. डोंगरकड्याला भेटंल.”

तिच्या घरात सून एकटीच होती. बसा म्हणाली, चहा ठेवते म्हणाली, मग साखर नाही म्हणून शेजारी मागायला गेली. मी चुलीजवळच्या पाटावर बसलो. समोर मांडणीवर पितळेचे, स्टीलचे, पत्र्याचे डबे ओळीनं लावलेले. मी शोक करायला आलो होतो. तो खोटा नव्हता. आणि तरी माझे डोळे त्या डब्यांवरून फिरत होते. तुम्हाला हे सांगताना आजही मला बरं वाटत नाही. मी उठलो आणि त्यातला एक डबा उघडला.

तळाशी दोन मुठी तूरडाळ. कुठलीही असू शकली असती. डाळीवर काही नाव लिहिलेलं नसतं.

वळलो तर सून दारात उभी. हातात साखरेची वाटी. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

“याडी बी असंच करायची,” ती शांतपणे म्हणाली. “कुणाच्या बी घरी गेली की पयले डबे उघडायची. लोकायला राग यायचा.”

“काहून?” माझ्या तोंडून याडीचाच शब्द निघाला.

“बघायची. डाळ हाय म्हणतेत ते खरंच हाय का, का लाजंकाजं म्हणून राहिलेत.”

मला याडीचा एका बाजूनं जड पदर आठवला. “आणि डबा रिकामा निघाला तर?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी शाळेचा माणूस होतो, कोठीची चावी ज्याच्या खिशात असायची तो.

“ते मला काय ठाऊक, गुरुजी,” ती म्हणाली, आणि माझ्या हातातला डबा घेऊन त्याचं झाकण तळव्यानं दाबून घट्ट बसवलं.