आजीनं ऐकलेली झडती

कौशल्याचं डोकं सकाळीच फिरलेलं असायचं, आणि का नसावं? दूधवाल्याशी छत्तीसगढीत हुज्जत घाला, नळावर तेलुगू शेजारणीशी हातवारे करून नंबर ठरवा, मग भिलाईच्या खुर्सीपार वस्तीतून तंगडतोड करत साहेबलोकांचं सेक्टर दहा गाठा आणि रशियन मेमसाहेबाच्या घरी "हराशो, हराशो" म्हणजे छान-छान करत दिवस काढा. संध्याकाळी थकूनभागून घरी यावं, तर पोटचा पोरगा दारातच म्हणणार, "माँ, भूख लगी है."

"मराठीत बोल ना रे पोट्ट्या! मराठीत भूक नाही लागत का तुले?"

पुंडलिक सात वर्षांचा. मराठी त्याला समजायची सगळी. लाडूचा डबा कुठं लपवला ते तिनं नवऱ्याच्या कानात सांगितलं, तरी हा लबाड बरोबर तिथं हजर. पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ. गल्लीतली पोरं "ए मरेठा" म्हणून चिडवायची, तेव्हापासून त्यानं ओठच शिवून घेतले होते. तेजराम, म्हणजे त्याचा बाप, पोलादाच्या प्लांटात खलाशी, अवजड सामान ओढणारा मजूर. त्याला या गोष्टीचं काहीच वाटत नव्हतं. "अवं, प्लांटात हिंदीच चालते," तो म्हणायचा. "भरतीच्या साहेबापुढं काय मराठी बोलन तो?" अशा माणसाशी काय भांडायचं!

मागच्या दिवाळीला भंडाऱ्याकडं तिच्या माहेरी गेले, तेव्हा तर हद्द झाली. अंगणात भरल्या माणसांत पुंडलिक हिंदीत बोलला आणि दौलतराव काका म्हणाले, "कौशल्या, हे पोट्टं तुहंच हाये ना वं?" सगळे पोट धरून हसले. फक्त तिची माय हसली नाही. ती उठून चुलीपाशी गेली आणि पेटलेल्या चुलीवर उगाच फुंकर मारत बसली. ते कौशल्याच्या काळजात रुतून बसलं.

आणि आता त्याच मायचं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो, तरी पोळ्याला भिलाईला येते. सुताराकडून नातवासाठी लाकडी बैल करून घेतलाय. 'तान्ह्या पोळ्याले पुंडलिकाच्या तोंडून तुह्या बाबाची झडती आयकाची हाये. मंग डोये गेले तरी चालन.'

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी बैल सजवून आणतात आणि बैलामागं उभं राहून ठसक्यात चार ओळी ठोकतात, ती झडती. कौशल्याच्या बापानं स्वतः रचलेली झडती होती, आणि बाप जाऊन सहा वर्षं झाली होती. तिनं भरल्या डोळ्यांनी कार्ड लिहिलं, 'ये माय, पुंडलिक म्हणन.' लिहून तर बसली!

मग महिनाभर घरात रणधुमाळी. तिनं गूळ दिला, पाठीत धपाटे दिले, हातापाया पडली. पोरगा म्हणे, "माँ, सब हँसेंगे." बस्स, तेवढंच.

अन् गंमत बघा, आग लागो तिला, मेमसाहेबाची ल्यूबा ती झडती घडाघडा म्हणायला लागली! सहा वर्षांची गोरीपान पोरगी, कौशल्या तिला लुब्बी म्हणायची. तिच्या रशियन बापानं कौशल्याला कामावर ठेवलं तेच मुळी पोरीला हिंदी यावी म्हणून. पण कौशल्याची हिंदी लंगडी. दिवसभर पोरीशी बोलायचं तर जी भाषा होती ती बोलली. आता लुब्बी "मले भूक लागून राहिली वं" म्हणायची आणि मेमसाहेब मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, पाहा, माझी लेक हिंदी बोलते. विसरायला नको म्हणून कौशल्या भांडी घासताना झडती घोकायची, ती या पोरीनं उचलली. जिला शिकवायची नव्हती तिला आली. कौशल्याला तिचं कौतुकही वाटे, आणि तिच्यावर भयंकर रागही येई.

तान्ह्या पोळ्याला मारुतीच्या देवळापुढं तोरण बांधलं. मेमसाहेब लेकीला घेऊन मुद्दाम बघायला आली. माय पुढंच पोत्यावर बसली होती, मान वर करून, कान देऊन. मराठी मंडळाचे श्यामराव ओरडले, "पुंडलिक तेजराम!"

पुंडलिक बैल घेऊन पुढं झाला. बैलाच्या पाठीवर झूल, शिंगांना बेगड, सगळं कसं झकास. आणि मागं हा दगड! तोंड उघडेना. पोरं खुसखुसायला लागली.

"म्हण ना बापू," कौशल्या दातओठ खात पुटपुटली. "एक डाव म्हण रे!"

पुंडलिकाचे डोळे भरले. तेवढ्यात कौशल्याचा पदर धरून उभी असलेली लुब्बी पळत त्याच्याशेजारी गेली आणि तिनं खणखणीत आवाज लावला:

"धानाच्या धुऱ्यावर पेरली तूर,
बैल माहा गेला नदीवर दूर,
येता येता पांघरली झूल,
शिंगाले त्याच्या बेगडाचं फूल!
हर हर महादेव!"

सगळं मैदान हसलं, टाळ्या पडल्या. "हिंदी! हराशो!" मेमसाहेब आनंदानं ओरडली. मायनं मात्र धडपडत पुढं येऊन हाताला लागला तो पुंडलिक छातीशी धरला. ती रडत होती. "नाही बिघडली माह्या नातवाची जीभ! आयकलं का वं कौशल्या? अस्सल तुह्या बाबाचा ठसका!"

श्यामराव काही सांगायला गेले. कौशल्यानं त्यांच्यापुढं हात जोडले, तसे ते पुढचं नाव पुकारायला वळले. तिला वाटलं, धरणी दुभंगावी. त्या रात्री ती जेवली नाही.

चार दिवसांनी दुर्ग स्टेशनावर मायला गाडीत बसवलं. भिलाईत ज्याला-त्याला ती नातवाची झडती सांगून झाली होती, आता गावात सांगणार होती. दौलतरावाला तर घरी जाऊन सांगणार होती. पुंडलिक खिडकीशी उभा होता, बैल काखेत. आजी म्हणाली, "जाता जाता अजून एक डाव म्हण बापू."

पुंडलिकानं आईकडं पाहिलं, खाली पाहिलं, आणि एका दमात बोलून टाकलं, "नानी, उस दिन मैं चुप खड़ा था. वो लड़की बोल रही थी. ये बैल उसी को दे दो."

आजीच्या कानाला हिंदी म्हणजे नुसता पत्र्याचा खडखडाट. त्यात इंजिनानं शिट्टी दिली. "काय म्हणते वं हा?" तिनं विचारलं.

कौशल्या खिडकीशी पुढं झाली. "म्हणते, आजी, पुढच्या पोळ्याले पण येजो. अजून मोठी झडती म्हणतो."

माय खुदकन हसली. खिडकीतून हात काढून तिनं नातवाच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. गाडी हलली.

पुंडलिक गाडीकडं बघत नव्हता. तो आईकडं बघत होता. मराठी त्याला सगळी समजत होती.