डोमाजी मिस्त्रीची गॅरंटी

"खोटं लिहून देत नाई म्हनलं तं नाई!"

"खोटं काय आहे त्यात, बाबा? बसतेच ना मी दुकानात?"

"बसतं न. पंख्याखाली."

"अन् फोन कोण घेतं दिवसभर? मोटर जळालेल्या पंजाबरावांच्या शिव्या कोण ऐकतं?"

"त्याले मॅनेजर म्हनते का? अन् थे खालचं वाच. पुन्हा वाच."

साधनानं लेटरहेड उचललं. शाळेत प्रतिज्ञा म्हणावी तशा सपाट आवाजात तिनं इंग्रजीचं मराठी करून सांगितलं, "साधना डोमाजी मुनेश्वर या आमच्याकडे मॅनेजर आहेत. त्यांची पंधरा दिवसांची रजा मंजूर आहे. रजा संपताच त्या भारतात परत येऊन कामावर रुजू होतील, याची आम्ही हमी देतो."

"हमी," डोमाजी म्हणाले. "म्हंजे गॅरंटीच ना?"

घाटंजीच्या बसस्टँडमागं डोमाजी मिस्त्री पस्तीस वर्षं जळालेल्या मोटरी भरून देत होते. जळकी तार उपसायची, नवी तार एकेक वेढा मोजत भरायची, वार्निश पाजायचं, उन्हात वाळवायचं. शेवटी मोटरीच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं तारीख घालायची आणि पुढं 'डो'. वर्षाच्या आत जळाली तर फुकट भरून देणार. त्याहून जास्त कोणी मागितलं की ते पकड खाली ठेवत आणि म्हणत, "माह्या हातच्या तारेची गॅरंटी. तुह्या विहिरीतल्या पान्याची नाई, अन् डीपीवरच्या करंटची तं मुळीच नाई."

आता ही पोरगी म्हणत होती, माझी गॅरंटी द्या.

साधना सरकारी स्कॉलरशिपवर इंग्लंडला गेली होती. लीड्स नावाच्या गावी पाण्याचं इंजिनिअरिंग शिकली. कोर्स संपला, जानेवारीत विद्यार्थ्याचा व्हिसाही संपला, आणि ती घरी आली. पदवीदान मात्र जुलैत. ज्या गावात खोलीची किल्ली खिशात घालून वर्षभर हिंडली, तिथं आता टुरिस्ट म्हणून जायचं, आणि टुरिस्टानं आधी व्हिसा देणाऱ्यांना पटवून द्यायचं की तो नक्की माघारी फिरेल. शेत नाही, नवरा नाही, नोकरी नाही. बांधून ठेवणारं म्हणून दाखवायला उरलं बापाचं दहा बाय बाराचं दुकान.

"डिग्री पोस्टानं येत नाई का वं?"

"येते."

"मंग?"

"स्टेजवर नाव घेतात, बाबा. पुरं नाव लिहून दिलं आहे मी. तुमच्यासकट."

मे महिन्याचा पंखा वरून गरम हवा ढवळत होता. तीन दिवस हाच वाद. जेवताना तोच, उठताना तोच. दोघांचेही आवाज आता सवयीनंच चढत होते.

"अन् थे बॅग?" त्यांनी विचारलं.

साधनानं मान खाली घातली. काल तिच्या मैत्रिणीचा, मैत्रेयीचा, लीड्सहून फोन आला होता, स्पीकर चालू होता. 'तुझी मोठी बॅग अजून माझ्या पलंगाखालीच आहे गं,' असं ती हसत म्हणाली होती. डोमाजींनी ऐकलं होतं.

"विमानात वजन जास्त भरत होतं."

"काय हाय तिच्यात?"

"कोट. रजई. कुकर."

"जो घरी कायमचा येते, थो कुकर ठेवून येत नाई, पोरी." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मले कागदाचं काही नाई. तू तोंडानं सांग, वापस येशीन. आत्ता सही करतो."

"तिकीट पंधरा दिवसांचंच काढणार आहे."

"मी तिकिटाचं विचारलं का?"

दारात बाजेवर कुरडया उलटवत बसलेली साधनाची आई, सत्यशीला, इतका वेळ ऐकत होती. तिनं हात पुसले नाहीत, मान वर केली नाही. "तुमची पेटी नाई का राह्यली पिंपरीले?"

"तू मधात बोलू नको."

"कोणती पेटी?" साधनानं विचारलं.

"लग्नाच्या आधीची गोष्ट हाय. कंपनीत लागले होते हे. तुह्या आबाले लकवा मारला म्हनून आठ दिवसांसाठी आले. पेटी पार्टनरच्या खोलीवर ठेवून. माह्यासंग लग्न झालं तवाही म्हनत, पेटी आनाले जायचं हाय. तुहा भाऊ राजदीप झाला, तवाही."

"मले तथली हवा मानवली नाई," डोमाजी म्हणाले. हे वाक्य घाटंजीत सगळ्यांना पाठ होतं.

"आठ दिवसांत समजलं का हवेचं? घरी बसून?" सत्यशीला म्हणाली.

बाहेर एसटीनं हॉर्न दिला. फोन वाजला, पंजाबरावांचा, साधनानं घेतला नाही.

डोमाजी उठले. खणातून शिक्का काढला. उन्हानं पॅड कोरडंठाक पडलं होतं. त्यावर त्यांनी माठातल्या पाण्याचे दोन थेंब टाकले, बोटानं पसरवले. शिक्का कागदावर दाबला तो जरा तिरकाच उमटला. त्याखाली त्यांनी सही केली, मोटरीवर घालत तसं एकच अक्षर नाही, पूर्ण नाव. मग तारीख घातली.

साधना कागदाकडं बघत राहिली. उचलायचा तिला धीर होईना.

"बाबा," ती म्हणाली, "काय होतं त्या पेटीत?"

डोमाजींनी पान्यांची पिशवी हँडलला अडकवली, दुपट्टा डोक्याला गुंडाळला, सायकलचं स्टँड पायानं वर घेतलं आणि पंजाबरावांच्या शेताच्या वाटेला लागले.