मागे न बघता

गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वहिनीने हात जोडून विचारलं, "आई, ह्यांचं ऑपरेशन करू का?" दादा तालुक्याच्या दवाखान्यात होता आणि डॉक्टरांना संध्याकाळच्या आत सही हवी होती.

कळ्या हलेनात. मी असलं काही मानत नाही, हे मी आयुष्यभर चारचौघांत ऐकवलंय. तरी माझे डोळे त्या उजव्या कळीवरून हटत नव्हते.

डावी पडली.

"पुन्हा लावा!" मी गुरवावर ओरडलो.

"आईला दोनदा विचारत नाहीत," तो हळूच म्हणाला.

वहिनीने अंगारा पदराला बांधला आणि ती पायऱ्या उतरू लागली. ही देवी म्हणे एका भक्ताच्या मागोमाग त्याच्या गावी निघाली होती, पण त्याने वळून बघायचं नाही, या अटीवर. डोंगरावर पैंजण ऐकू येईनासे झाले, त्याने वळून पाहिलं आणि ती इथेच थांबली. म्हणून दर्शन घेतलेला माणूस पायथ्यापर्यंत मागे बघत नाही. लहानपणी मला त्या भक्ताचा राग यायचा. आज वाटलं, बिचारा नुसता घाबरला असेल.

"वहिनी, आता काय?"

"सही करणार," ती मान न वळवता म्हणाली. "रागावली तरी आईच आहे. येईल मागून."

आणि मी, काही न मानणारा, पैंजण वाजतायत का ते ऐकत उतरत राहिलो. वळून बघायची छाती झाली नाही.