अण्णांच्या तळ्यातली मरळ

माझ्या सासऱ्यांच्या तळ्यातली पिल्लं एका माशानं खाल्ली, आणि तो मासा मी निवडला होता.

सासरे, म्हणजे अण्णा, मूळचे बेळगावकडचे, पण बेंगळुरात मुरलेले. साठीच्या सुमारास निवृत्त झाले आणि आनेकलजवळच्या शेतात त्यांनी कार्प माशांची पैदास आरंभली. वीण झाली, मोठे मासे बाहेर काढले, तळं पिल्लांनी वळवळू लागलं. मत्स्य खात्याचे साहेब पाहायला येणार होते. त्यांना पसंत पडलं, तर आसपासच्या तलावांना पिल्लं अण्णांकडून जाणार! अण्णांची झोपच उडाली.

"जावईबापू, तळ्यात शेवाळ माजलंय, किडे झालेत. काय करायचं हो?"

"साफसफाईला दुसऱ्या जातीचा मासा सोडू. निवड माझ्यावर सोपवा!" मी म्हणालो. (जन्मात मी मासा चाखलेला नव्हता. पण त्या घरात जावयाच्या शब्दाला 'नाही' म्हणायची पद्धत नव्हती.)

मासेवाल्याकडे एक लांबलचक, जिवंत मरळ होती. माझं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, याच्या फारसं पुढे गेलेलं नव्हतं. तो म्हणाला, "स्वामी, इदु एल्ला तिन्नुत्ते!"

म्हणजे ही सगळं खाते, एवढं मला कळलं. मी खूश! खाण्याचे नखरे नाहीत. मातीच्या मडक्यात घालून आणली आणि तळ्यात सोडली.

पुढच्या रविवारी अण्णा काठावर उकिडवे बसलेले.

"पिल्लं कमी दिसतात की हो."

"ऊन आहे ना, खोल गेली असतील."

"अहो," माझी बायको कुसुम म्हणाली, "ती मरळ फुगलीय का?"

"हवा मानवली असेल तिला!"

एवढ्यात काठालगत पिल्लांचा एक थवा आला. खालून एक तोंड उघडलं, मिटलं. थवा नाही! साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

"अण्णा," मी चाचरत म्हणालो, "शेवाळ तसंच आहे. बाकीचं साफ होतंय."

अण्णांनी लगेच पाणी सोडून द्यायला लावलं. उजाडता उजाडता नुसता चिखल उरला. वाचलेली पिल्लं कुसुमनं हंड्यात काढली, पण मरळ बेपत्ता! ती चिखलात दडली होती. मी धोतर खोचून उतरलो आणि मांडीपर्यंत रुतलो. पायाशी काहीतरी वळवळलं. मी किंचाळलो, वाकलो आणि जे हाती लागलं त्याला मिठी मारली. त्यानं शेपटीनं माझ्या दोन्ही गालांवर फटके मारले.

नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आली.

"पिल्लं कुठं आहेत?"

अण्णांनी हंडा दाखवला. "थोडी यात आहेत, साहेब." मग माझ्याकडे बोट केलं. "बाकीची यांच्या कवेत आहेत."

साहेब हसत हसत परत गेले, पसंतीचं नाव न काढता. अण्णा मात्र हंड्यातली पिल्लं मोजत बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. परतताना बसमध्ये शेजारी बसूनही मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या वर्षी पुन्हा वीण झाली, साहेब पुन्हा आले आणि तळं पसंत पडलं. त्यानंतर मला बोलावणं आलं. शेताच्या फाटकाशीच सासूबाईंनी हात पुढे केला.

"जावईबापू, पिशवी बघू."

मी नाराजीनंच दिली. जावयाची झडती! पण त्यांनी झडती घेतली तेच बरं झालं. आत खेकडे होते.

तळाशी फिरायला पाय असले की साफसफाई जास्त चांगली होईल, असं मला वाटलं होतं!