माझ्या पायाच्या तपासण्या

माझ्या पायाची पहिली तपासणी चुलीतल्या निखाऱ्यानं झाली. ती करणारी माझी सासू, करायला सांगणारी शेजारची म्हातारी आणि चिमट्यात निखारा धरून आणून देणारी माझी धाकटी नणंद. इतकी वर्षं झाली, त्यातल्या दोघी देवाघरी गेल्या, तरी हे लिहिताना माझे कान तापतात. गेलेल्या माणसांवर राग धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

माझं माहेर चांद्याचं, सासर मुठ्याचं, दोन्ही पुण्याजवळच्या डोंगरातली गावं. लग्नाला तीनेक वर्षं झाली होती आणि दीड वर्षाची मुलगी होती. त्या साली उतारावरच्या नाचणीत तण असं माजलं की नाचणी शोधून काढावी लागे. खुरपणी माझ्या गळ्यात आली. सासूचे गुडघे धरलेले. नणंदेचं महाळुंग्याला जमत आलेलं, म्हणून तिला चिखलात घालायची नाही. मग उरलं कोण? न्याहारी करून उकिडवं बसायचं ते दिवेलागणीला उठायचं, आणि बसल्या बसल्याच पुढं सरकत राहायचं. मध्ये पाय लांब केला तरी बांधावरून कुणी ना कुणी पाहायचंच.

एका संध्याकाळी उठले तर उजवं पाऊल वर उचलेना. टाच टेकायची, पण चवडा लोंबत राहायचा. नडगीच्या बाहेरच्या अंगानं मुंग्या येत, झोपलं की तिथंच चमका मारत. उंबरा ओलांडताना बोटं ठेचाळून रक्त निघे. पाण्याची कळशी पहिल्यांदा सांडली तेव्हा सासू गप्प बसली. दुसऱ्यांदा सांडली तेव्हा अंगणात उभी राहून, शेजारच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमीबी जल्मभर उकिडवं बसलो हाय. आमचं न्हाई कदी पाय गळालं. सोंगं करती नुसती."

त्यावर शेजारच्या म्हातारीनं तोडगा काढला. "निखारा ठिवून बगा की. सोंग आसलं तर उडी मारून उठंल."

हे सगळं मला मागाहून कळलं. मला फक्त कुशीवर निजून भिंतीकडं तोंड करायला सांगितलं. मला वाटलं, कसलातरी पाला बांधणार असतील, सासूला माझी कणव आली असेल. काय पण माझी अक्कल! मला काहीच जाणवलं नाही. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा मी वळून पाहिलं. पावलाच्या वरच्या बाजूला निखारा होता आणि तिघी माझ्या पायाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

ओरडले असते तर खोटी ठरले असते. ओरडले नाही, तेव्हा निदान खरी तरी ठरले असं मला वाटलं. पण ती म्हातारी झटकन मागं सरकली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाई गं! हिला कळतच न्हाई. ह्यो तर महारोग."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. बधिर झालं म्हणजे महारोग, एवढंच शहाणपण आमच्या गावात होतं आणि ते सगळ्यांना पुरत होतं. संध्याकाळच्या आत माझं ताट-तांब्या वेगळा झाला. मुलीला माझ्या कुशीतून काढून सासूकडं दिलं. ती अजून अंगावर पीत होती. माझी वाकळ गोठ्यात गेली आणि ती नेऊन टाकली माझ्या नवऱ्यानं. त्यानं आधी खाली पेंढा पसरला, हातानं दाबून सारखा केला, मग वर वाकळ अंथरली. बायकोचं किती करतो म्हणून आळीतल्या बायकांनी त्याचं कौतुक केलं. मला तो पेंढा त्याच्या तोंडात कोंबावासा वाटला होता. एक शब्द बोलला असता तर मला दगडावरसुद्धा झोप लागली असती.

गोठ्यातून मुलीचं रडणं ऐकू यायचं. दूध दाटून माझी छाती दगडासारखी झाली होती. मी दाराशी गेले की नणंद आतून कडी लावायची. पुढं पुढं मुलगी रडायची थांबली. ते मला जास्त झोंबलं.

पुण्याला दाखवायचं ठरलं ते माझ्यासाठी नव्हे. महाळुंग्याच्या मंडळींच्या कानावर गेलं होतं आणि त्यांनी निरोप धाडला की घरात काय आहे ते आधी नक्की करा, मग सुपारी फोडू. सासरे म्हणाले, "डाक्टरच्या तोंडनं आयकू. एक घाव दोन तुकडे." भल्या पहाटे बैलगाडीत बसताना पाहिलं तर माझी लुगडी, चोळ्या, फणीसुद्धा गाठोड्यात बांधून ठेवलेली. मी विचारलं, हे कशाला? नवरा बैलांच्या मागं काहीतरी करत राहिला. सासऱ्यांनी सांगितलं, "डाक्टरनं महारोग म्हनला तर परत हितं कशाला यायचं? तितनंच चांद्याला सोडू."

"आन् पोरगी?"

"पोरगी आमची हाय."

उरवड्यावरून पिरंगुटपर्यंत गाडी आणि पुढं एस.टी. ते गाठोडं सगळ्या वाटेत माझ्या मांडीवर होतं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात माझ्याभोवती शिकाऊ डॉक्टरांचं कोंडाळं जमलं. लुगडं गुडघ्याच्या वर घ्यायला लावलं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी पोरं ती, एकमेकांना कोपरानं ढोसत बघत होती. मोठ्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं. कधी टाचणी टोचायची, कधी कापूस फिरवायचा, आणि विचारायचं, कळतंय का? मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणायचे, "न्हाई कळत तिला." तिसऱ्या वेळेला मी डोळे मिटलेलेच ठेवून ओरडले, "मामंजी, पाय माझा हाय!" सासऱ्यांपुढं मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. ते गप्प झाले. शिकाऊ पोरं हसली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांनाही गप्प केलं. तेवढ्यापुरता तो माणूस मला बरा वाटला.

मग त्यांनी माझ्या कोपराच्या आतल्या शिरा चाचपल्या, मानेवरच्या चाचपल्या, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो तिथं बोट फिरवलं. तिथं दाबल्याबरोबर पावलापर्यंत झिणझिणी गेली. त्यांनी माझ्या चवड्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, माझा हात वर ढकला. मी सगळा जीव एकवटला, दात-ओठ खाल्ले, पण अंगठा जेमतेम थरथरला. कानाच्या पाळीला ब्लेडनं खरवडून काचेवर घेतलं आणि काच महारोगाचे जंतू शोधायला नेली. मग आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. नवरा म्हणाला, चहा घेतेस? मी गाठोड्याची गाठ आणखी घट्ट केली.

शेवटची तपासणी विजेची होती. लाकडी पेटी, तिला तारा, तारांना पाण्यात भिजवलेल्या फडक्याच्या पट्ट्या. एक पट्टी मांडीला बांधली, दुसरी नडगीवर टेकवली. मुंग्या डसल्यासारखं झालं आणि माझा अंगठा आपोआप वर उठला. इतक्या दिवसांत न उठलेला! पुन्हा लावलं, पुन्हा उठला. मला रडू फुटलं. एक शिकाऊ म्हणाला, दुखत असेल. मूर्ख कुठला.

डॉक्टर सासऱ्यांना म्हणाले, "आजोबा, महारोग नाही. काचेवरही काही नाही. उकिडवं बसून बसून गुडघ्यापाशी शीर दबली आहे. स्नायू चांगले आहेत, काही महिन्यांत पाय उचलेल. पण हिला आता उकिडवं बसवायचं नाही." आणि जळलेल्या जागेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय झालं?"

सासरे म्हणाले, "चुलीपाशी भाजलं आसंल."

मग लगेच त्यांनी काळजीनं विचारलं, "पर डाक्टर, मग खुरपनी कोन करनार?" डॉक्टर मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला. शेवटपर्यंत सगळं सासऱ्यांशीच बोलले, एकदाही माझ्याकडं बघून सांगितलं नाही की बाई, तुला महारोग नाही. इतका शिकलेला माणूस, त्याला एवढं सुचू नये?

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. पाय पुढं हळूहळू सुधारला. अजूनही थंडीत नडगीला मुंग्या येतात, पण चालते मी. नणंदेचं लग्नही ठरल्याप्रमाणं झालं, आणि त्यात मी जेवणं वाढली.

दवाखान्यातून परतलो त्या दिवशी आम्ही मुठ्याला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. सासरे गाडीतून उतरायच्या आधीच ओरडले, "न्हाई! महारोग न्हाई!" साऱ्या आळीला कळावं म्हणून. शेजारची म्हातारी लगेच दारात आली आणि म्हणाली, मला ठावं होतंच. सासू मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू? ती मुलीला म्हणाली, "जा गं, आई आली तुजी. आता काय व्हत न्हाई."

मी हात पुढं केले. मुलीनं माझ्याकडं पाहिलं आणि सासूच्या खांद्यात तोंड लपवलं.

मी तसेच हात पुढं धरून विचारलं, "आत्याबाई, महारोग निघाला आसता तर?"

तिनं डोळे पुसले. आढेवेढे घेतले नाहीत. भाताला पाणी किती घालायचं ते सांगावं तसं सांगितलं. "तर तुला चांद्याला धाडली आसती. दुसरं काय करनार? मला झाला आसता तर मलाबी धाडलीच आसती की यांनी."

सासरे बैल सोडत होते. त्यांनी ते ऐकलं आणि नाही म्हटलं नाही. नवऱ्यानं माझं गाठोडं उचलून घरात नेलं.

मी मुलीला सासूच्या कडेवरून ओढून घेतलं. ती लाथा झाडत होती, आजीसाठी हंबरडा फोडत होती. मी तिला घट्ट धरलं आणि रडू दिलं.